अंडरस्कोअरबाई

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे 'अंडरस्कोअरबाई' म्हणत, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोंडावर म्हणायची छाती मात्र कुणाची नव्हती. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या शेजारच्या टेबलाशी त्या बसत आणि इतरांनी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला कोड वाचत. त्यांनी 'मान्य' म्हटलं की तो चालू व्हायचा. 'नाही' म्हटलं की लिहिणारा तोंड पाडून जागेवर परतायचा, आणि दहातल्या नऊ वेळा कारण एकच असायचं: नाव.

"हे काय? डेटा वन, डेटा टू, फायनल, फायनल न्यू? घरी पोरांना काय हाक मारता? पहिला, दुसरा, नवा दुसरा?"

लोक हसत. हसणाऱ्यांना काय जातंय! बाईंनी त्याआधी वीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि आता घरी बसून वाती वळा, असा सल्ला द्यायला सगळं गोत जमलं होतं. बाईंनी भाच्याकडून एक जुनं पुस्तक आणलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर कॉम्प्युटर मांडून पायथन शिकल्या. पुस्तकात त्यांना सगळ्यात आवडलं ते नावांचं प्रकरण. व्हेरिएबल म्हणजे माहितीचा डबा आणि फंक्शन म्हणजे काम. दोघांची नावं लहान अक्षरांत लिहायची, शब्दांमध्ये अंडरस्कोअरची आडवी रेघ द्यायची. फंक्शन काहीतरी करतं, म्हणून त्याच्या नावात क्रियापद हवं. क्लास म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा साचा; त्याच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, आणि शब्द एकमेकांना चिकटलेले. आणि जो आकडा प्रोग्रॅम चालू असताना कधीच बदलायचा नाही, त्याचं नाव सगळंच्या सगळं मोठ्या अक्षरांत.

गंमत अशी, की पायथन यातलं काहीच सक्तीने करून घेत नाही. मोठ्या अक्षरांतला आकडा बदला, तो मुकाट्याने बदलतो. दाराला कुलूप नाही, नुसती पाटी आहे. पाटी वाचून माणसाने आपल्या पायांनी मागे फिरायचं. बाईंना या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि पाटी वाचूनही आत शिरणाऱ्याचा तितकाच संताप.

मुलीच्या बाळंतपणासाठी त्यांनी चार दिवसांची रजा घेतली. पाचव्या दिवशी परत आल्या, चष्मा पुसला आणि आपल्या मागे काय काय बदललं ते वाचायला बसल्या.

त्यांचा प्रोग्रॅम तसा साधा होता. मिस्त्री इमारतींतून फिरून प्रत्येक लिफ्टच्या ब्रेकचं लायनिंग, म्हणजे घासून लिफ्ट थांबवणारं अस्तर, मोजायचे आणि त्याची जाडी फोनमध्ये भरायचे. लायनिंग तीन मिलिमीटरपेक्षा पातळ झालं की लिफ्ट बंद, असा कंपनीचा नियम. हा तीनचा आकडा वर, सगळ्यांत आधी, मोठ्या अक्षरांत लिहिलेला. रोज सकाळी प्रत्येक इमारतीतल्या मिस्त्रीला फोनवर एक पावती जायची: चालू ठेवा किंवा बंद करा. तिच्या तळाशी, निर्णय ज्या फंक्शनने दिला त्याचं नाव छापलं जायचं. ही तळाची ओळ बाईंनी भांडून घालून घेतली होती. ज्याच्या हातात पाना आहे त्याला कारण कळायला नको का? म्हणून त्या फंक्शनची नावं आपल्या भाषेत, पण इंग्रजी अक्षरांत ठेवत. मिस्त्रींना ती सहज वाचता येत.

आणि आज एका फंक्शनच्या पोटात तेच मोठ्या अक्षरांतलं नाव बसलेलं होतं, बरोबरच्या चिन्हाच्या डाव्या बाजूला. म्हणजे तिथे त्याला नवी किंमत दिली होती. तीनचे दोन केले होते. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे चुकूनमाकून होत नाही. बाहेरचा आकडा फंक्शनच्या आतून बदलायचा तर आधी 'ग्लोबल' अशी एक वेगळी ओळ लिहावी लागते. ती ओळ तिथे होती. पाटी वाचून, जोडे काढून, आत शिरून केलेला हा उद्योग होता.

फंक्शनचं नाव होतं 'एबीसी'. त्या ऑफिसात 'एबीसी' असं नाव एकच माणूस ठेवायचा. बाईंच्या गैरहजेरीत 'मान्य' म्हणणाराही तोच: खुद्द साहेब. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

एबीसी कुणासाठी चालत होतं तेही त्यांनी पाहिलं. एका हॉस्पिटलसाठी. त्यांच्या दोन नंबरच्या लिफ्टचं लायनिंग होतं अडीच मिलिमीटर. त्या हॉस्पिटलात बाईंच्या मोठ्या जाऊबाई एकोणीस वर्षांपासून आया होत्या. त्याच लिफ्टमधून दिवसाला तीस वेळा स्ट्रेचर घेऊन वरखाली करायच्या.

बाई उठल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार वाजवलं नाही.

"साहेब, तीनचे दोन तुम्ही केलेत?"

"अहो बसा तरी. बाळ कसं आहे?"

"बाळ छान आहे. तीनचे दोन कुणी केले?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हॉस्पिटलवाले म्हणतात लिफ्ट महिनाभर थांबवता येणार नाही. मोठं गिऱ्हाईक आहे, बाई. अर्ध्या मिलिमीटरने काही आभाळ कोसळत नाही."

"लिफ्ट कोसळते."

"आणि तुमचा पायथन अडवतो का? नाही ना? मग?"

"पायथन अडवत नाही, म्हणून तर आपण अडायचं असतं!" बाईंचा आवाज बाहेर झेरॉक्सपर्यंत गेला. "आणि नुसतं हॉस्पिटल नाही. तुम्ही वरचाच आकडा बदललात. यादीत हॉस्पिटलच्या खाली एकेचाळीस इमारती आहेत. चार दिवस त्या सगळ्या दोनवर मोजल्या जातायत. शाळा आहे त्यात."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. हे त्यांच्या गावीही नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या मोजता येत नाहीत. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

"ते बाकीचं आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा," ते म्हणाले. "हॉस्पिटलपुरता वेगळा नियम लिहा. दोनचा. आणि नावबिव काय ठेवायचं ते तुम्हीच बघा, ते तुमचं खातं. मला त्या शुद्धलेखनात पाडू नका."

"मी नाही लिहिलं तर?"

"तर मी लिहीन. तुम्हाला माझी नावं माहीत आहेतच."

बाई जागेवर येऊन बसल्या. आधी त्यांनी वरचा आकडा पुन्हा तीन केला, एकेचाळीस इमारतींचा हिशोब नव्याने लावला, दोन लिफ्ट बंद करायच्या निघाल्या, त्यांच्या पावत्या ताबडतोब पाठवल्या. मग हॉस्पिटल. राजीनामा लिहावा असं एकदा मनात आलं. पण त्या गेल्या असत्या तर एबीसी राहिलं असतं, आणि जाऊबाई स्ट्रेचर ढकलत राहिल्या असत्या.

साहेबांनी सांगितला तसा नियम त्यांनी लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं. रीतीला धरून ठेवलं: सगळी अक्षरं लहान, शब्दांमध्ये अंडरस्कोअर, आत क्रियापद, आणि जे काम तेच नाव. साहेबांच्या टेबलावर छापील कागद नेऊन ठेवला. साहेबांनी तो न वाचता 'मान्य' म्हटलं. अकरा वर्षांत त्यांनी एकही नाव वाचलं नव्हतं, ते आजच कशाला वाचतील?

सकाळी साडेसातला हॉस्पिटलच्या मिस्त्रींचा फोन आला. म्हातारा माणूस, एरवी कमी बोलायचा. त्यांनी सही केल्याशिवाय तिथली लिफ्ट दिवसाची पहिली फेरी करत नसे.

"बाई, पावतीवर चालू ठेवा म्हणून आलंय. पण खाली हे काय लिहिलंय? लायनिंग_झिजलंय_तरी_साहेबांच्या_हुकमाने_लिफ्ट_चालू_ठेवा?"

"हो."

"चुकून छापलं का?"

"नाही काका. अक्षर न् अक्षर खरं आहे."

पलीकडे खटका ओढल्याचा आवाज आला. "मेली लिफ्ट," मिस्त्री म्हणाले. "आता बघतो कोण चालू करतं ते."

फोनवरची पावती छापून घेऊन तो कागद त्यांनी लिफ्टच्या दाराला चिकटवला. आयांनी वाचला, पेशंटच्या नातेवाइकांनी वाचला, एका डॉक्टरीणबाईंनी त्याचा फोटो काढला. साडेनऊला साहेब बाईंच्या टेबलाशी उभे होते. लालबुंद.

"हे काय नाव ठेवलंत? सगळं हॉस्पिटल वाचतंय! आधी ते पुसा!"

"पुसते," बाई म्हणाल्या. "काय पुसू? नाव की नियम?"

झेरॉक्सपाशी उभे असलेले तिघेजण कागद हातात धरून तसेच थांबले. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"नुसतं नाव पुसलं तर दुसरं ठेवावं लागेल," बाई म्हणाल्या. "काम तेच राहिलं तर मला दुसरं सुचणार नाही."

"नियम," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक, की बाईंनी पुन्हा विचारलं. "नियम पुसा!"

दुपारी लायनिंग बदललं. महिना लागेल म्हणत होते, साडेतीन तासांत झालं! संध्याकाळी जाऊबाई घरी आल्या त्या रुमालात काहीतरी गुंडाळून. "मिस्त्रींनी दिलं. म्हणाले, तुझ्या जावेला दाखव." जुन्या लायनिंगचा तुकडा होता. कडेला तर दोन मिलिमीटरसुद्धा उरलेलं नव्हतं. जाऊबाई तो बोटांत धरून बघत राहिल्या. "एवढ्याशावर होते होय गं मी?" त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर साहेबांच्या सहीचा कागद लागला: यापुढे कोणत्याही फंक्शनचं नाव साहेबांना दाखवल्याशिवाय ठेवू नये. पोरं बाईंकडे भीतभीत बघत होती. बाईंनी तो दोनदा वाचला. मग गेल्या अकरा वर्षांतली सगळी नावं छापून काढली, एकशे बारा पानं, आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. पंख्याने उडू नयेत म्हणून वर लायनिंगचा तुकडा ठेवला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "मी इथेच थांबते."