पेशीतला ताण्याचा दोरा

आमच्या बायॉलॉजीच्या मॅडमची नक्कल एकदम सोपी होती. मान जरा डावीकडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर चढत जाणारं 'अंडरस्टूऽड?'. त्या दिवशी प्रॅक्टिकलला त्या यायच्या आधी मी स्टुलावर चढून तेच करत होतो. "डियर चिल्ड्रन, मायटॉसिस इज मायटॉसिस. अंडरस्टूऽड?" अख्खी लॅब खिदळत होती. आणि एकदम गप्प झाली. मी मागं वळलो. मॅडम दारात.

"सरी," त्या म्हणाल्या. बंगळूरमध्ये सरी म्हणजे ठीक आहे. मला मात्र काही ठीक वाटेना. "शुक्रवारी मायटॉसिसचा तास तू घेणार. माझ्या आवाजात घेतलास तरी चालेल. शेवटी मी एकच प्रश्न विचारणार. उत्तर आलं नाही, तर माझ्या लॅबमध्ये पुन्हा यायचं नाही."

लॅब नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. आणि वडिलांनी गाडीत बसवतानाच सांगितलेलं, "एक जरी वर्ष गेलं तर गुपचूप परत यायचं आणि मागावर उभं राहायचं." इचलकरंजीत आमचे यंत्रमाग आहेत. मागाशी माझं वाकडं नाही हो! पण उभ्या उभ्या इडली खायची हॉटेलं, भरधाव स्कूटर चालवणाऱ्या पोरी, हे सगळं सोडून जायचं?

मी इंदिरानगरात आत्याकडं राहायचो. तिची सगळी हयात इथंच गेलेली. ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "अय्यो, आता कुणाची नक्कल केलीस? स्वल्प गप्प बसायला काय घेतोस रे?"

शाळेत आम्ही मायटॉसिस म्हणजे 'समसूत्री विभाजन' असं एका दमात घोकलेलं. पेशी फुटते, एकाच्या दोन होतात, पाच मार्क. त्यातलं सूत्र कुठलं, हे ना गुरुजींनी सांगितलं ना आम्ही विचारलं. आता नाइलाजानं कॉलेजच्या लायब्ररीतला सगळ्यात जाडजूड शब्दकोश उघडला. मायटॉसिस: मूळ ग्रीक शब्द 'मिटोस'. अर्थ, दोरा. ताण्याचा दोरा.

मी ओरडलोच. ताणा! मागावर लांबच्या लांब पसरलेले दोरे, ज्यांच्यातनं आडवा दोरा घेऊन धोटा पळतो. तुटलेला ताणा सांधत मी लहानाचा मोठा झालो, आणि तो इथं पेशीत!

मग पुस्तकं चाळली. शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन शास्त्रज्ञानं पेशीला रंग दिला, भिंगाखाली धरली, तर आत दोरे दोरे. ते कशाला असतात, तेव्हा कुणालाच धड माहीत नव्हतं. यानं आपलं दिसलं तसं नाव ठेवून दिलं. अरे, हा तर आमच्या गल्लीतलाच! आम्ही तरी दुसरं काय करतो? माणसाचं जे डोळ्यात भरेल ते धरायचं आणि नाव ठेवायचं.

शुक्रवारी मी मॅडमच्या आवाजात तास घेतला. पोरं बाकं बडवत होती. मॅडम शेवटच्या बाकावर, चेहरा दगडाचा. मी थांबल्यावर त्या उठल्या.

"नाव दोऱ्यावरनं पडलं. पण एरवी पेशीत दोरा दिसत नाही. मग विभाजनाच्या वेळीच तो कुठून येतो?"

माझं इंग्रजी तिथंच संपलं. मॅडमचा उसना आवाजही संपला. हात मात्र आपोआप वर गेले. मागाच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडं सगळे हातवाऱ्यांनी बोलतात, नाहीतर बोंबलून. मी खिशातनं घरच्या मागावरचा रुमाल काढला आणि त्याच्या कडेचे तीन दोरे ओढले.

"थ्रेड ऑलवेज देअर, मॅडम!" मी बोंबललो. एक दोरा नखानं पिंजला, पार भुगा केला आणि टेबलावर पसरला. "नाउ नो सी! बट देअर!" पेशीतला दोराही एरवी असाच पिंजून पसरलेला असतो, म्हणून दिसत नाही. मग उरलेले दोन जवळ धरून करकचून पीळ दिला. "फर्स्ट डबल! देन टाइट! नाउ सी!" पीळ सोडवला आणि पहिल्या बाकावरच्या दोघींच्या हातात एकेक दोरा ठेवला. "वन हर, वन हर! सेम टु सेम!"

वर्गात कुणी हसलं नाही. 

"हा आवाज कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"कुणाचा नाही, मॅडम. असाच आला."

आणि म्हणता म्हणता कळलं. नव्या कामगाराला माग शिकवताना वडील अगदी असेच ओरडतात, असाच हात नाचवतात. इतक्या जणांच्या नकला केल्या, त्यांची कधी केली नव्हती. हिंमतच नव्हती.

"वडिलांचा," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. "सोमवारी कांद्याची मुळं घेऊन लॅबमध्ये ये. त्यांच्या पेशी सारख्या फुटत असतात, त्यांत तुझे दोरे भिंगाखाली बघू. अंडरस्टूऽड?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "अंडरस्टूऽड!" मॅडम हसल्या. मी पहिल्यांदा पाहिलं.

मी धावत एसटीडी बूथ गाठला. पलीकडं खडखड खडखड.

"वर्ष गेलं का?" वडील ओरडले.

"नाही! ताणा शिकवला मी! कॉलेजात!" मीही ओरडलो. बूथवाले अण्णा दचकून उठले.

"काय?"

"ताणा! माणसाच्या अंगात असतो! कांद्यातही असतो!"

"थांब. माग बंद करतो."

फोनसाठी माग बंद? आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. खडखड थांबली. इतकी शांतता, की त्यांचा श्वास ऐकू आला.

"हं. आता नीट सांग."

मी मान डावीकडं केली. "डियर चिल्ड्रन," मी सुरुवात केली.