काई नाई

वर्ध्यात कोणीही हरिदास सरांना विचारावं, ‘काय करून राह्यले सर?’ सर म्हणणार, ‘काई नाई.’

आमच्याकडे हे उत्तर सगळेच देतात. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेला माणूसही ‘काई नाई’च म्हणतो. हरिदास सरांचा मात्र तो विषय होता. शून्यवाद आणि अस्तित्ववाद. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर ते चौदा वर्षं ‘काई नाई’ शिकवत होते, आणि तेही इतक्या जीव ओतून, की जगाला काही अर्थ नाही हे सांगताना त्यांचा चेहरा पाहून वाटावं, यांच्या घरी पाळणा हलला असावा.

खिशाला दोन पेन, इस्त्रीचा शर्ट, आणि दाढी करताना हमखास सुटलेला एक कोपरा. विषय समजावायला त्यांना बसस्टँडची चौकशीची खिडकी पुरायची. ‘आपण सारे जण खिडकीपुढे उभे आहोत. गाडी कोणती, लागणार कुठे, सुटणार कधी, विचारतो आहोत. आत कोणीच बसलेलं नाही, हे कळणं म्हणजे शून्यवाद. ते कळूनही आपल्या जबाबदारीवर एखाद्या गाडीत चढणं म्हणजे अस्तित्ववाद.’

त्यांची बायको मंजुषा वहिनी आशा वर्कर आहे. ती म्हणायची, ‘जगाले अर्थ नसन. पन दाराशी सिलेंडरवाला उभा हाय, त्याले आवाज द्या.’

यंदा जुलैत कॉलेजानं ठरवलं, पाच विद्यार्थी नसले तर विषय बंद. सरांकडे चार होते. त्यातले दोन पोलीस भरतीची तयारी करणारे. पहाटे पाचला पळायचे आणि दुपारी सरांच्या वर्गात पंख्याखाली झोपायचे. पाचवा हवा होता, आणि विषय गेला तर सरही गेले, हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

भूगोलाचे बंडूजी गावोगाव फिरून पोरं गोळा करत होते. कोणी विचारलं, ‘भूगोलानं काय होते?’ की बंडूजी लगेच, ‘तलाठी होते.’ त्यांचा वर्ग भरून वाहत होता.

सरांना आशा होती ती आंजी गावच्या रोशनीची. तिच्या बारावीच्या वर्गापुढे सर एकदा खिडकीची गोष्ट सांगून आले होते. तेव्हा ही पोरगी उठून म्हणाली होती, ‘सर, खिडकीत कोणी नाई, तं मंग लोक रांगेत काऊन उभे राह्यतात?’ चौदा वर्षांत सरांना कोणी प्रश्न विचारला नव्हता. ‘यातलं परीक्षेले काय येते?’ हा सोडून. पुढे आठवडाभर भेटेल त्याला सरांनी तो प्रश्न ऐकवला. मला, शेजाऱ्याला, तीनदा.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सर आंजीला गेले. सोबत मी. रोशनीनं फॉर्म भरून ठेवला होता. सही तेवढी वडलांची राहिली होती. महादेवराव शेतातून नुकतेच आलेले. हातपाय धुऊन, टोपी नीट करून ते बसले. सरांनी खिशातला पेन दिला.

‘तुमी सांगान तसं, सर,’ महादेवराव म्हणाले. ‘मले यातलं समजत नाई. फक्त एक सांगा. याच्यानं पोरीले नोकरी लागन का?’

पेन कागदावर टेकला होता. दारात रोशनी उभी होती. सरांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी पायानं त्यांचा पाय दाबलाही.

‘नाई,’ सर म्हणाले.

‘कोन्तीच नाई?’

‘मलेच नाई लागली अजून. चौदा वर्सं तासावर हावो.’

महादेवरावांनी पेनाला टोपण लावलं आणि तो अदबीनं परत केला. ‘चहा घेऊन जाजा,’ ते म्हणाले.

निघताना रोशनी फाटकापाशी आली. ‘सर, खोटं बोलले असते तं मले चाललं असतं.’

‘तुले चाललं असतं, बाई. मंग वर्गात उभं राहून मी तुले काय शिकवलं असतं?’

तिनं भूगोल घेतला.

मंजुषा वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. ‘दुनियेत खरं बोलाले तुमाले आंजीच सापडली,’ एवढंच म्हणाली आणि डब्याची पिशवी खुंटीवरून काढून आत ठेवली.

विषय बंद झाला. चौघे भूगोलाला गेले. तिथे दोन पंखे आहेत, असं कळलं. सरांनी हजेरीपट ऑफिसात जमा केला. ते दुसरीकडे विचारून आले. जागा कुठेच नव्हती.

आता सर रोज अकराला कॉलेजसमोरच्या टपरीवर येऊन बसतात. शर्टाला इस्त्री असते, खिशाला दोन पेन असतात. परवा सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काय करून राह्यले सर?’

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. टपरीवाल्यानंही हातातली गाळणी थांबवली. इतकी वर्षं लगेच यायचं ते उत्तर काही आलं नाही.

‘आज बुधवार ना?’ ते म्हणाले. ‘बुधवारी अस्तित्ववाद राह्यते. बारा-दहाचा तास.’

त्यांनी घड्याळात पाहिलं. बारा-दहा वाजले. समोर घंटा झाली. सर बसूनच होते.