फाटकावरची पाटी
फिनाईलचा वास आला की गोंदियाच्या दवाखान्याचं ते फाटक आठवतं. धानाच्या बांधीत रानडुकरानं मामीची मांडी फाडली, आणि मामा तिला ट्रॅक्टरवर घालून आले ते पीक राखायची लायसनची बंदूक खांद्यावर तशीच ठेवून. फाटकावर पाटी होती, 'शस्त्र आत नेण्यास मनाई'. पहारेकरी म्हणाला, "बंदूक अंदर नहीं जाएगी, और हम रखेंगे भी नहीं." मी हात पुढे केला, तर मामा म्हणाले, "तुह्या नावानं लायसन नाही पोरी, तुलेच धरून नेतीन." मामीसोबत मीच आत गेले; ती विचारत राहिली, "तुहे मामा काऊन येऊन नाही राहिले?" संध्याकाळी तिला झाकून बाहेर आणलं. पहारेकऱ्यानंच चादर उचलली. "लो, अब यहीं देख लो." मामांनी एका हातात बंदूक धरूनच तिचे डोळे मिटले. परवा मी तिथं गेले, तर मेल्यांनी त्या पाटीला नवा लाल रंग दिलेला.