नास्लीची पुडी

ग्वापी गावातली निम्मी पोरं सेनोविया सुईणीच्या हातून जन्मली होती. पण तिच्याच बाळंतीण सुनेने, यिसेलाने, आंघोळीसाठी पाल्याची पुडी मागवली ती नास्लीची. नास्ली सात वर्षं सेनोवियाच्या हाताखाली होती. आता तिच्या पुड्या पार काली शहरात खपत. पुडीवर तिचा हसरा फोटो आणि खाली एक ओळ : 'काळ्या आयांसाठी, काळ्या बायांच्या हातचं.'

"हातचं म्हणे! त्या हातांना शिकवलं कुणी?" सेनोविया फणकारली.

"तुम्हीच, आई. पण दुकान तिने काढलं ना?" यिसेला बाळाला पाजत हसली.

सेनोवियाने पुडी फोडून हुंगली. पाला सावलीत वाळवलेला, एक काडीही कुजकी नाही. तिचा जळफळाट झाला. मग लक्षात आलं, यात नासेदेराचं पान नाही. असणार कुठून? प्रत्येक सुईण एक पान शिकाऊ पोरींना न सांगता स्वतःपाशी राखते, आणि तिने हेच राखलं होतं. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण या अर्ध्यामुर्ध्या पाण्यात बसणार होती तिचीच सून. सेनोविया गुपचूप परसात गेली, मूठभर नासेदेरा खुडून आणली आणि उकळत्या पातेल्यात टाकली.

आंघोळ करून यिसेला टवटवीत होऊन आली. "आई, कंबर कशी मोकळी झाली! नास्लीच्या हाताला गुण आहे हं."

खरं सांगावं, तर ते पान उद्या त्या फोटोखाली विकलं जाणार. न सांगावं, तर गुण नास्लीचा.

"पाणी मी उकळलं होतं," सेनोविया एवढंच म्हणाली.