डांबरावरचे मासे

थोरला भाऊ गेला तेव्हा त्याची एक होडी अपुरी राहिली होती. खरी नव्हे, दीड हात लांबीची, सागाच्या तुकड्यांची. पळसदेवला धरणाच्या पाण्यात तो ज्या होडीतून जाळी टाकायचा, तिचीच ही लहान प्रत. बांधून झाली होती, निळा-पांढरा रंगही देऊन झाला होता. फक्त रेडियम चिकटवायचं राहिलं होतं. जीप-टेम्पोवर पट्टे आणि अक्षरं चिकटवून देणारी दुकानं तेव्हा इंदापुरात नुकतीच निघाली होती, आणि त्या रंगीत चिकट कागदाला सगळे रेडियमच म्हणत. भावाने तांबड्या रेडियमचे दोन मासे ब्लेडने स्वतः कापून एका वहीत जपून ठेवले होते. एकेक खवला कोरलेला.

वर्षश्राद्धाला होडी पुरी करून त्याच्या फोटोशेजारी ठेवायची, असं मी वहिनीला सांगून बसलो. मी बारामतीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होतो. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवणं हे माझं रोजचंच काम. म्हटलं, दोन मासे चिकटवायला असा किती वेळ लागणार?

होडी मांडीवर घेऊन बारामतीच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "हिचं हाफ काढू का फुल?" मागचा एक म्हातारा म्हणाला, "फुकट येऊ दे की, गाडी बुडाली तर तीच कामाला येईल." सगळे हसले. मीही हसलो असेन.

पहिल्या दिवशी सकाळी साबणाच्या पाण्याचा हात फिरवून मासा बसवला आणि फूटपट्टीने दाबून पाणी काढलं. छान बसला. चारला खोलीवर आलो तर मासा बोटभर खाली घसरलेला, शेपटी दुमडलेली. काढला, धुतला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी तेच. हवा राहते म्हणून सुईने टोचून पाहिलं. साबण जास्त होतो म्हणून नुसतं पाणी घेतलं. सकाळी चिकटायचा, खोलीवरचा पत्रा तापला की घसरायचा. श्राद्ध तीन आठवड्यांवर आलं होतं. चौथ्या दिवशी मी भावावर मोठ्याने ओरडलो. घरमालकीणबाईंनी खालून विचारलं, "कोण आलंय का हो?" मी म्हटलं, कोणी नाही.

रविवारी होडी आणि मासे घेऊन इंदापूरला रेडियमच्या दुकानात गेलो. दुकानदाराने होडीची कड नखाने खरवडली आणि बोट नाकाशी नेलं.

"सर, ह्यात डांबर हाय."

"कुठे?"

"रंगाखाली. सगळीकडं." पांढऱ्या रंगावरचे तपकिरी डाग त्याने दाखवले. इतके दिवस मी त्यांना चहाचे डाग समजत होतो. "डांबर वर येतंय, ऊन लागलं की मऊ पडतंय. ह्यावर काय बी टिकायचं न्हाय. पण खेळण्याला डांबर कुणी लावलं वो?"

"माझ्या भावाने. तो होडी चालवायचा."

"मग बरोबर हाय. त्यानं पाण्यासाठी केली, तुमी कपाटासाठी करताय." त्याने होडी माझ्या हातात दिली. "लाकडापातूर खरवडा, न्हायतर मासे द्या सोडून. आन चिकटल्यावर वरनं लॅकर मारा, पर कापसाच्या बोळ्यानं, पातळ. जाड माराल तर रेडियम पापडावानी गोळा हुईल."

खरवडायचं म्हणजे भावाने दिलेला रंग काढून टाकायचा. नाही खरवडायचं, तर त्याने कापलेले मासे वहीतच राहणार. दोन दिवस मी होडीला हात लावला नाही. मग आधी एकच बाजू घ्यायची असं ठरवलं. काचेच्या तुकड्याने खरवडत आणि रॉकेलच्या फडक्याने पुसत चार संध्याकाळी गेल्या. त्याच्या ब्रशचा एक केस रंगात अडकलेला दिसला. काच पुढे गेली आणि तोही निघाला. डांबर मात्र माझ्या नखांतून आठवडाभर हललं नाही. ग्रंथालयात पुस्तक हातात घ्यायची चोरी झाली.

कोऱ्या लाकडावर पुन्हा रंग दिला आणि चांगला वाळू दिला. मासा बसला. दुपार झाली, पत्रा तापला, तरी जागचा हलला नाही. तेवढ्या आनंदात मी दुकानदाराचं सांगणं विसरलो. बोळा राहिला बाजूला, ब्रश भरून लॅकर मारलं. डोळ्यांदेखत शेपटी आक्रसली, मग कल्ले, मग सगळा मासा सुरकुतला. भावाने कदाचित एक अख्खी संध्याकाळ लावून कापलेला. मी ब्रश भिंतीवर फेकला. तो डाग खोली सोडेपर्यंत तिथेच होता.

उरलेला दुसरा मासा त्याच बाजूला बसवला. लॅकरचे तीन हात, तीन दिवस, कापसाने, श्वास रोखून. दुसऱ्या बाजूला लावायला मासाच उरला नाही, म्हणून ती तशीच राहिली. भावाच्या रंगाची, डांबर वर आलेली.

श्राद्धाच्या दिवशी माशाची बाजू पुढे करून होडी फोटोशेजारी ठेवली. आलेले लोक म्हणाले, "झ्याक झालीया." जेवणं उरकल्यावर पाहिलं, तर मासा भिंतीकडे आणि डागांची बाजू पुढे. कोणाचा तरी धक्का लागला असेल म्हणून मी ती फिरवली. संध्याकाळी पुन्हा तसंच.

"वहिनी, होडी फिरवलीत का?"

"व्हय."

"अहो, मासा त्या बाजूला आहे."

"ती बाजू तुमी केली, भावजी. मला ही बघायची हाय."

"पण मासा त्यानेच कापलाय."

"कापला असंल की." ती ताटं गोळा करत होती. "बघू द्या भिंतीला."

मासा पक्का बसला होता, कडसुद्धा कुठे उचलली नव्हती, आणि तो कोणालाच दिसत नव्हता. निघताना मी होडीकडे हात नेला. वहिनी दारातच उभी होती. मी पिशवी उचलली.