तत्सम इतर

चष्मा कपाळावर ढकलून ते विचारायचे, "ताई, हे तत्समात बसतं का बघा."

बीडला कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. वकिली सोडलेले हे साहेब सकाळी शटर उघडायच्या आधीच बाहेर हजर असायचे. असे जुने वकील तुम्हीही पाहिले असतील. काम संपलेलं, पाय मात्र तिकडेच वळणारे.

एकदा मोबाईलवरून वाद निघाला. यावर कायदा कोण करणार, दिल्ली की मुंबई? साहेब खुर्चीतून उठलेच.

"राज्यघटनेत विषयांच्या याद्या हायेत. एक केंद्राची, एक राज्याची, एक दोघांची. केंद्राच्या यादीत तार हाय, टेलिफोन हाय. मोबाईल तवा कुठून असंल? पण पुढं लिहून ठेवलंय, 'तत्सम इतर साधनं'. कोर्ट तिथं बोट ठेवतं अन् म्हणतं, बस आत! जग बदललं तरी घटना म्हातारी होत न्हाई, ती अशी."

"म्हंजे तुमीच तेवढे म्हातारे," चहावाला म्हणाला. सगळ्यात मोठ्यानं साहेबच हसले.

बायको गेल्यापासून घरी ते एकटेच होते. मुलगा परदेशात. दुकान बंद करायची वेळ झाली की ते नवा मुद्दा काढायचे. मी कामं ओळीनं उरकणारी बाई. कुलूप हातात धरूनच ऐकायची.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. सोबत घरचं माणूस हवं, असं दवाखान्यानं बजावलं. त्यापायी तारीख पुढं जात राहिली. एका सकाळी साहेब खुर्चीत न बसता काउंटरपाशी येऊन उभे राहिले.

"ताई, 'घरचं माणूस' याचा अर्थ लई जुना लावतेत हे लोक."

मला समजायला जरा वेळ लागला. "कधी निघायचं?" मी विचारलं.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?" मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "लिहा, मुलगी आणि तत्सम इतर." तिनं नुसतं 'मुलगी' लिहिलं.

दुसरा डोळा राहूनच गेला. थंडीत ते झोपेतच गेले. मुलगा आल्यावर मी भेटायला गेले. त्यानं अदबीनं विचारलं, "आपण बाबांच्या कोण?"

'तत्सम' हा शब्द ओठांवर आला होता. पण तो ऐकून हसणारं तिथं कुणी नव्हतं.

"कोर्टासमोर माझं दुकान आहे," मी म्हणाले.