ऐकू न आलेल्या मापाची रेघ

१४ मार्चला, मंगळवारी, मी कानाच्या दवाखान्यात रोख चारशे पंच्याऐंशी रुपये भरले आणि पावती ताईच्या नावाने घेतली. भाचा, ताईचा मुलगा, म्हणाला, "मामा, तुमच्या समाधानासाठी आलोय. शुक्रवारी संस्थेला कळवायचंय."

संस्था म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी जागा. तिथे एक खाट रिकामी झाली होती. भाच्याने ताईचा फॉर्म भरून ठेवला होता. 'हाकेला प्रतिसाद' या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं होतं, आणि तसं लिहिलं की बंद दाराच्या कक्षात ठेवतात. मी त्याला दोष देत नाही. वर्षभर भाचेसून ताईला जेवायला उठवायचं म्हणून मागून खांद्याला हात लावायची, आणि ताई दचकून तो हात झिडकारायची. दोघीही थकल्या होत्या.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिने भावोजींबरोबर शिवणाचं दुकान चालवलं. भावोजी गिऱ्हाइकाला टेप लावून मापं बोलायचे आणि ताई मशीनवरून न उठता वहीत लिहायची. छाती, कंबर, बाही, उंची, असा क्रम ठरलेला, त्यामुळे नुसते आकडे. मी कॉलेजात असताना संध्याकाळी तिथे काजं करून द्यायचो. एकदा वही माझ्याकडे आली. मशीनच्या आवाजात एक आकडा नीट कळला नाही, म्हणून मी अंदाजाने चौदा लिहिला, आणि एका गृहस्थाची पूर्ण बाही कोपरापाशीच संपली. ताई रागावली नाही. "ऐकू नाही आलं तर रेघ ओढावी," ती म्हणाली. "रेघ दिसली की माणूस परत विचारतो. आकडा दिसला की कात्री चालवतो."

दवाखान्यात काचेच्या खोलीत कान तपासणाऱ्या बाईंनी ताईला हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की ते दाबायचं. ताईने बटण उलटसुलट करून पाहिलं.

"याला भोकंच नाहीत," ती म्हणाली. "लावायचं कुठून?"

बाईंनी तीनदा समजावलं. शिट्टी वाजेपर्यंत ताई सूचना विसरून जायची. शेवटी बाईंनी हेडफोन काढले. "अशी तपासणी होणार नाही. आणि तपासणीशिवाय मला यंत्र देता येत नाही." भाच्याने गाडीची किल्ली काढली.

बाईंनी दार उघडून बाहेरच्या टेबलाला मोठ्याने सांगितलं, "फाइल अडतीस बंद करा." ताईचं बोट मांडीवर हललं. एकदा, मग पुन्हा. तीन, आठ.

"पुढे?" ताई म्हणाली.

मी खिशातली डायरी तिच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. "बाई, शिट्टी राहू द्या. तुम्ही आकडे सांगा. आधी मोठ्याने, मग आवाज उतरवत न्या."

"आजींना कळेल का पण?"

"कळायची गरज नाही. हे तिचं काम आहे."

पहिले चार आकडे तिने लिहिले, पण एकावर एक. बाई वाकून बघू लागल्या. "हा चष्मा यांचाच आहे ना?"

"रोज हाच घालते," भाचा म्हणाला.

मी जवळून पाहिलं. डाव्या काडीला तांबडा दोरा गुंडाळलेला होता. भावोजींचा चष्मा. भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली. तेवढा काळ ती त्यांच्या नंबरातून बघत होती आणि आम्ही तिच्यासमोर बसून चहा पीत होतो. भाचा घरी गेला आणि चाळीस मिनिटांनी तिचा चष्मा शर्टाला पुसत परत आला.

मग बाईंनी हेडफोन परत चढवले, एका वेळी एकाच कानात आवाज सोडला आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरला. छत्तीस, तीस, तेवीस. आकडे आता एका ओळीत उतरले. बाईंनी आवाज कमी केला तसं पेन थांबलं, आणि ताईने एक आडवी रेघ ओढली. आवाज वाढवला, आकडा आला. उजव्या कानाचं पान असं अर्धं भरलं. डाव्या कानाच्या पानावर सगळ्या रेघाच होत्या.

बाईंनी दोन्ही पानं आपल्या यादीशी ताडून पाहिली. "एकही आकडा चुकीचा नाही. माझ्याकडे चांगली शहाणी माणसं अंदाजाने बटण दाबतात." मग त्यांनी भाच्याला विचारलं, "जेवताना या कुठे बसतात?"

"माझ्या उजव्या हाताला."

"म्हणजे तुम्ही रोज त्यांच्या डाव्या कानाशी बोलता."

भाच्याने त्या रेघांवरून बोट फिरवलं. "आणि मी फॉर्मवर 'नाही' लिहिलं," तो म्हणाला. शुक्रवारी त्याने संस्थेला सध्या खाट नको म्हणून कळवलं.

२९ मार्चला उजव्या कानाला यंत्र बसलं. स्मरण परत आलं नाही. ते येणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भावोजी कुठे गेलेत, हे ती अजूनही दिवसातून दोनतीनदा विचारते. पण उत्तर ऐकते, आणि मग दुसरं काहीतरी बोलते. जेवणाच्या टेबलावर तिची खुर्ची आता भाच्याच्या डाव्या हाताला आहे. पहिल्या सकाळी भाचेसुनेने सवयीने दारातूनच जोरात हाक मारली.

"ओरडतेस कशाला?" ताई म्हणाली. "मी काय बहिरी आहे?"

हे मला फोनवर सांगताना भाचेसुनेला हसू आवरत नव्हतं.

रात्री यंत्र बंद करायचं राहून गेल्याने बॅटरीचं पहिलं पाकीट लवकर संपलं. दुसरं भाचेसुनेने स्वतःच्या पर्समधून आणलं. बॅटरीचा खर्च माझ्याकडे, असं मी तिला सांगितलं होतं. तिचे पंच्याण्णव रुपये झाले. मी अजून दिलेले नाहीत.